काळ्या पट्टीची एवढी लाज कशाला?

टीव्हीवर काळी पट्टी दिसू नये म्हणून माझ्या काकांचं डोकं कापलं गेलं, याचा राग अजून गेलेला नाही.

आईच्या पंच्याहत्तरीचा कार्यक्रम उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या एका हॉलमध्ये होता. जेवणाआधी मोठ्या टीव्हीवर जुन्या फोटोंचा स्लाइड शो ठेवला होता आणि तो बनवायचं काम एका स्टुडिओला दिलं होतं. आमचं घर गोपाळ मंदिराजवळ, कित्येक पिढ्यांचं, त्यामुळे फोटोंना तोटा नव्हता. त्यात सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा एक, 2004 च्या सिंहस्थातला. पुण्याहून, इंदूरहून आलेले झाडून सगळे नातेवाईक रामघाटाच्या पायऱ्यांवर बसलेले-उभे राहिलेले, घरातल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यावर टिपलेले. काका उंच, म्हणून त्यांना सर्वांत वरच्या पायरीवर उभं केलेलं. पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांचा त्यानंतरचा फोटो आमच्याकडे नाही.

तो फोटो पडद्यावर आला. मागच्या रांगेतल्या सगळ्यांची कपाळं गेलेली, आणि काका तर हनुवटीपासून खालीच. पांढरा सदरा, खिशाला पेन, खांद्यावर ओला पंचा. खाली मांडी घालून बसलेल्या पोरांचे गुडघेही उडालेले. काकू पहिल्या रांगेत बसली होती. तिने शेजारी आईला विचारलं, "हे कुठे आहेत गं यात?" आईने बोट दाखवलं ते पंच्याकडे. काकू पुढे झुकून नीट बघेपर्यंत फोटो बदलला. चार-पाच सेकंदांचा खेळ. कुणी काही बोललं नाही, कारण पुढचा फोटो माझ्या भावाच्या मुंजीतला होता आणि लोक हसायला लागले होते.

ऑपरेटरला मी तिथेच गाठलं. तो उद्धट नव्हता, हेच जास्त लागलं. म्हणाला, "दीदी, काली पट्टी आती है तो लोग बोलते हैं, फोटो फिट नहीं किया." म्हणजे सगळे फोटो एकगठ्ठा निवडून 'पडदा भरा' हे बटण दाबलेलं. एकेक फोटो उघडून पाहिलेलाच नाही. पैसे मात्र दर फोटोमागे घेतलेले.

यात गूढ काहीच नाही. 2004 साली आमचा टीव्ही 4:3 आकाराचा होता आणि त्या कॅमेऱ्याचा फोटोही 4:3, म्हणजे 2048 बाय 1536 पिक्सेलचा. आजचा टीव्ही 16:9. जुना फोटो त्याच्या रुंदीला भिडवला की उंचीतला चौथा हिस्सा बाहेर जातो, निम्मा वरून आणि निम्मा खालून. ग्रुप फोटोत अगदी वर काय असतं? मागच्या रांगेची डोकी. तोच फोटो उंचीला भिडवला तर फुल एचडी टीव्हीवर 1440 बाय 1080 असा अख्खा मावतो, दोन्ही बाजूंना 240 पिक्सेलची काळी पट्टी राहते. राहू दे की! दुसरे काही महाभाग फोटो आडवा ताणतात, तेव्हा घरातला प्रत्येक जण एक तृतीयांशाने रुंद होतो. तेही नको.

मग मी स्वतःच बसले. 1920 बाय 1080 चा काळा कोरा चौकोन घ्यायचा आणि त्यात फोटो न कापता बसवायचा. उभे 3:4 फोटो 810 रुंदीचे होतात, म्हणून दोन शेजारीशेजारी छान बसतात. 300 डीपीआयचा आग्रह छपाईसाठी ठीक, टीव्हीला त्याच्याशी कर्तव्य नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो आकसून येतो, तो डॉक्युमेंट म्हणून मागवावा. फाइलींना 001, 002 अशी नावं द्यावीत, नाहीतर बरेचसे टीव्ही 1 नंतर 10 दाखवतात. आणि मागे त्याच फोटोची धूसर मोठी प्रत लावायची जी फॅशन आहे ती मला अजिबात आवडत नाही. माणसाच्या मागे त्याचंच भूत कशाला?

रविवारी काकूला घरी बोलावून सगळं पुन्हा दाखवलं. रामघाटाच्या फोटोत काका डोक्यासकट उभे. काकू बघत राहिली आणि म्हणाली, "फार लहान दिसतात गं. मोठं होत नाही का?"

झालं! न कापण्याचा माझा नियम तिथेच मोडला. काकांचा चेहरा कापून वेगळा काढला. मूळ फोटोत तो जेमतेम शंभर पिक्सेलचा, पडदाभर केल्यावर नुसता चुरा. डोळे कुठले आणि चष्मा कुठला, कळेना. मी लगेच पुसणार होते. काकूने पुसू दिला नाही. स्टुडिओने कापलं म्हणून मी भांडले आणि घरी मीच कापलं, पण दोन्ही कापणं सारखं आहे असं मला आजही वाटत नाही.

2028 मध्ये पुन्हा सिंहस्थ आहे. तुमच्याकडेही माणसं येतील, घाटावर फोटो निघतील. मोबाइल आडवा धरा, मागच्या रांगेच्या डोक्यावर भरपूर जागा सोडा आणि तेवढ्यावर न थांबता वरच्या पायरीवरच्या माणसाचा एक वेगळा, जवळून फोटो घ्या. स्टुडिओत देताना मूळ फाइल स्वतःकडे ठेवा आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सगळे फोटो हॉलमधल्या त्याच टीव्हीवर एकदा बघून घ्या.