दोन इंचांचा हिशेब

लिफ्ट किट बसवायचं म्हणजे गाडी उंच करायची, असा समज सगळीकडेच आहे. आमच्या बारामती-इंदापूर भागात तो अंमळ जास्त आहे. उंच जीप चौकात उभी राहिली की लोक वळून बघतात, आणि ते बघणंही किटच्या किमतीत धरलेलं असतं. पण जीपचा सगळ्यात खाली लोंबणारा भाग म्हणजे हौसिंगचा, डिफरन्शियल पोटात घेतलेला गोळा, आणि तो किटने सूतभरही वर जात नाही. हौसिंग चाकांना धरलेलं, चाकं जमिनीवर. वर जाते ती फक्त चेसिस. उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोरीतला मधला उंचवटा नेमका या गोळ्याला घासतो. म्हणून हजारो रुपये घालूनही गाडी पूर्वी अडकायची तिथेच अडकते. गोळा उचलायला मोठा टायर लागतो, आणि टायरही निम्मंच देतो. व्यास दोन इंचांनी वाढवा, गोळा एक इंच वर येईल.

मग किट कशाला? मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा हवी म्हणून, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चाकाला खाली जायला वाव मिळावा, म्हणून गाडी वर उचलायची.

हे कळायला आमची जमीन बरी. नीरा डाव्या कालव्याखाली काळी, बागायती; वर सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडीच्या अंगाला मुरूम, दगड आणि कोरडे ओढे. ओल्या काळ्या मातीत लिफ्टचा काही उपयोग नाही. माती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो आणि गाडी जागच्या जागी फिरत बसते. तिथे टायरमधली हवा कमी करणं हेच खरं औषध, आणि ते फुकट आहे. ओढ्यात मात्र वेगळं घडतं. गाडी तिरकी उतरते, पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं चाक अधांतरी राहतं. साधं डिफरन्शियल अधांतरी चाकालाच गरागरा फिरवतं. जमिनीवरचं चाक नुसतं बघत राहतं. फोर व्हील टाकूनही गाडी हलत नाही. चाक आणखी चार बोटं खाली आलं असतं, तर जमिनीला लागलं असतं.

(माळावर गाडी घालायची हौस असणाऱ्यांसाठी एवढंच: कडबनवाडीचं गवत चिंकाऱ्यांचं आणि लांडग्यांचं घर आहे. तिथे चाकाचा माग काढणं ही मर्दुमकी नव्हे. ओढा आपल्या रानातला शोधावा.)

चाक खाली यायला हवं, म्हणूनच आमच्याकडे चालणारा सोपा उपाय, म्हणजे कमानीत एक जादा पाटा भरणं, मला पटत नाही. ट्रॉलीला ते ठीक, कारण तिला टनावारी ऊस वाहायचा असतो. जीपमध्ये जादा पाट्याने उंची मिळते, पण कमान ताठ होते आणि चाक खाली यायचं ते येतच नाही. शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी, लांब करणं हा दुसरा स्वस्त मार्ग. तोही निम्मं देतो, दोन इंच लांब शॅकलला एक इंच उंची. शिवाय जुन्या जीपना पुढची शॅकल बहुधा पाट्याच्या पुढच्या टोकाला असते. ती लांब झाली की हौसिंग पुढे कलतं, किंगपिनचा मागचा कल कमी होतो, आणि वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ यायचं विसरतं. पालखी महामार्गावर सत्तरच्या वेगाने ते जाणवतं.

माझी गाडी महिंद्राची जुनी एमएम ५४०, चारही कोपऱ्यांना कमानपाटे. महिंद्रांनी १९४७ साली विलीजच्या जीप इथे जुळवायला सुरुवात केली, त्याच वंशातली. नटबोल्ट उघडे, सगळं डोळ्यांना दिसतं. घरच्या शेडमध्ये हे काम करता येतं ते याच कारणाने. नव्या थारमध्ये पुढे विशबोन आणि कॉइल स्प्रिंग. तिथे अंदाजाने हात घालू नये.

जादा उंचीचे नवे पाटे बसवण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतची मापं भिंतीवर खडूने लिहायची. जुनी जीप ड्रायव्हरच्या बाजूला बसलेली असते. हे आधी मोजलं नाही, तर नव्या पाट्यांना उगाच दोष दिला जातो. गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्री तेल पाजायचं. गाडी चेसिसखाली लोखंडी घोड्यांवर घ्यायची, नुसत्या जॅकवर कधीच नाही, विटांवर तर नाहीच. वीट न कुरकुरता फुटते. हौसिंगला वेगळा जॅक, तो हळूहळू खाली घेताना नजर ब्रेकच्या रबरी पाइपवर. दोन इंचांत तो ताणला जात असेल, तर आधी लांब पाइप. शॉकअप आखूड पडले तर खाली जाणारं चाक तेच अडवतात, मग सगळा खटाटोप वाया.

जीप आखूड, तिचा मागचा शाफ्टही आखूड. उंची वाढली की जॉइंट क्रॉसचा कोन तीव्र होतो आणि ठरावीक वेगाला गाडी थरथरते. त्यावर इलाज पाचरीचा: पाटा आणि हौसिंगची बैठक यांच्यामध्ये दोन-तीन अंशांची पोलादी पाचर. बारामती एमआयडीसीत पियाजिओच्या रिक्षा बनतात, भारत फोर्जचा कारखाना आहे. त्यामुळे अशी पाचर करून देणारा, लेथवर हात बसलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही.

यू बोल्ट नवेच घ्यायचे आणि आडवे-तिडवे, थोडे थोडे आवळायचे. शॅकलचे बोल्ट मात्र ढिले ठेवायचे. सगळ्या कामात मला आवडणारा क्षण पुढचा आहे. गाडी चाकांवर उतरवायची, बंपरवर पाय देऊन चार वेळा हलवायची, पाटे आपापल्या जागी बसू द्यायचे, आणि मग ते बोल्ट आवळायचे. गाडी हवेत असताना आवळले, तर बुशचं रबर त्या लोंबत्या अवस्थेत धरलं जातं. वजन आल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. काम नीट झालंय का, हे मी शेवटचा पाना कधी फिरला यावरून ओळखतो.

मोठ्या टायरचा आणखी एक हिशेब आहे. मूळ टायर एकोणतीस इंची धरून एकतीस इंची चढवला, तर काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी चौसष्टने पळत असते. आणि कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या रचनेत मालकाला मनाजोगता बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठणकावून सांगितलं. लिफ्ट केलेली गाडी रस्त्यावर आणणाऱ्याने हे माहीत नव्हतं म्हणू नये. मी दोन इंचांवर थांबतो. त्यापुढे कालव्याच्या भरावावर गाडी कलली की पोटात गोळा येतो.

पाच-सहाशे किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळायला मिस्त्री आले होते. खाली वाकून त्यांनी पाना लावला, प्रत्येक बोल्ट पाव फेरा सरकला. हात पुसत म्हणाले, "दादा, जुने पाटे भंगारात घालू नका बरं का. एमएच ४२ चं पासिंग आलं की चढवायला लागतील."