एका खुंट्यावर दोन हात

जनाबाईचे आख्यान हे मराठी कीर्तनातले एक छोटेखानी संगीतनाट्य आहे. पात्रे मोजकी: दळणारी जनी, तिच्या शेजारी येऊन बसणारा विठ्ठल आणि चोरीचा आळ घेऊन येणारे बडवे. सामान त्याहून थोडे: एक जाते, एक वाकळ, पहाटेचा अंधार. कीर्तनकार एकटाच सगळ्यांच्या तोंडचे बोलतो, मागे उभे टाळकरी धृपद उचलतात आणि मृदंगाच्या बोलांत जात्याची घरघर ऐकू येऊ लागते. आषाढी एकादशीला पंधरवडा उलटला की आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवांच्या समाधीचा दिवस येतो. परंपरेने जनीची पुण्यतिथीही हीच. वारीहून परतलेल्या माणसांच्या कानांत टाळ अजून वाजत असतात. हे आख्यान ऐकावे ते अशा दिवसांत.

कथेची नायिका परभणी जिल्ह्यातली. गोदाकाठचे गंगाखेड हे तिचे गाव. तिथे तिचे मंदिर आहे. दमा आणि करुंड हे तिचे आईबाप. लहानपणीच ती पंढरपुरास दामाशेटी शिंप्यांच्या घरी आली आणि दासी म्हणून राहिली. दामाशेटींचे पुत्र नामदेव. घरातली चौदा माणसे आणि आपण पंधरावी, असा हिशेब जनीच्या नावावरच्या एका अभंगात येतो. झाडलोट, सडा, दळण, कांडण, धुणे, रानात शेण्या वेचणे, एवढ्या कामांतून जो वेळ उरेल तो तिचा. पण काव्यासाठी तिने वेगळा वेळ मागितलाच नाही. जे काम हातात होते त्याच्याच लयीवर तिने शब्द बसवले. तिच्या नावावर आज साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत.

जात्याच्या गाण्याला वाद्य लागत नाही. एका हाताने मुठीमुठीने वैरण घालायची, दुसऱ्या हाताने खुंटा ओढायचा. दगडाचा फेरा पुरा होतो तिथे ओवीचा चरण टेकतो. एकटीने ओढले तर दम लवकर तुटतो आणि गाणेही तुटते. समोर दुसरी बाई बसली, एकाच खुंट्यावर दोन हात आले, की ओझे निम्मे होते. एकीने चरण सोडला की दुसरी तो उचलते. जनीसमोर असे बसायला कोणी नव्हते. त्या रिकाम्या जागी विठ्ठल येऊन बसला, असे आख्यान सांगते. तो दळू लागतो, पाणी भरतो, शेण्या वेचतो, तिची वेणीफणी करतो. ‘तू थांब, मी करतो’ असे तो म्हणत नाही. काम दोघांचे होते आणि गाणे चालू राहते.

मग वाकळेचा प्रसंग येतो. एका रात्री देव जनीच्या खोपटात निजतो. काकडआरतीची वेळ होते, तो घाईने उठतो आणि गळ्यातले रत्नजडित पदक तिथेच विसरून तिची फाटकी वाकळ अंगावर घेऊन राउळात जातो. काही ठिकाणी पदकाऐवजी शेला सांगतात. बडव्यांना पदक जनीकडे सापडते. चोरीचा आळ येतो, चंद्रभागेच्या वाळवंटात सूळ उभा राहतो आणि त्या सुळाचे पाणी होते. टाळांचा गजर इथे टिपेला पोचतो. पण ऐकणाऱ्याच्या मनात सुळापेक्षा वाकळ जास्त काळ राहते. जनीजवळ देण्याजोगे तेवढेच होते आणि देवाने ते पांघरले.

आणखी एक देणगी अक्षरांची. जनी दळताना बोलत जाई आणि पांडुरंग ते लिहून घेई, अशी श्रद्धा आहे. ज्ञानदेवांनी त्याला लिहिताना पाहिले, तेव्हा दासीचे शब्द लिहिण्यात त्याला काही उणेपणा वाटला नाही.

कलावंताला जगवणाऱ्या मैत्रीची गोष्ट दुसऱ्या भाषांनीही सांगितली आहे. ओ. हेन्रीच्या ‘द लास्ट लीफ’ या कथेत न्यूयॉर्कमधली एक तरुण चित्रकर्ती आजारी पडते. खिडकीबाहेरच्या वेलीचे शेवटचे पान गळेल तेव्हा आपणही जाऊ, असे तिने धरलेले असते. एक म्हातारा, अयशस्वी चित्रकार वादळी रात्री भिंतीवर पान रंगवतो. ती वाचते, तो जातो. तिथे मित्राचे देणे एका रात्रीत पुरे होते आणि मागे चित्र उरते. जनीच्या गोष्टीत देणे रोजचे आहे. उद्या पुन्हा दळण असते आणि मित्राला उद्या पुन्हा यायचे असते.

हे आख्यान पुढे पडद्यावरही आले. १९४९ च्या ‘संत जनाबाई’ या चित्रपटात हंसा वाडकर जनी झाल्या. मात्र आख्यानाचे खरे घर जात्यापाशीच राहिले. पिठाच्या गिरण्या येईपर्यंत महाराष्ट्रातल्या बाया पहाटे विठ्ठलाला भाऊ, बाप, सखा म्हणत ओव्या गात आल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी सुरू केलेल्या संग्रहात अशा लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आहेत. दरवर्षी शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणीवरून गंगाखेडला येते आणि पंढरीची वाट धरते. लहानगी जनी गंगाखेड सोडून गेली तीही पंढरीलाच.