सांधणची दरी

पर्वत चढणाराला एक सोय असते. दम संपला कीं तो मागें फिरतो, आणि मागची वाट उताराची असते. दरींत शिरणाराचें नेमकें उलट आहे. आरंभीं त्याला सगळें सोपें वाटतें. अंगांतली शक्ति संपत आली म्हणजे मग माघारीचा चढ सुरू होतो. ही साधी गोष्ट मला सांधणची निम्मी दरी उतरून गेल्यावर सुचली, यावरूनच या विषयांतला माझा अनुभव किती होता, हें वाचकांच्या ध्यानीं येईल.

अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत साम्रद नांवाचें लहानसें गांव आहे. १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण पाहावयास पुष्कळ कुटुंबें जातात. त्यांपैकीं थोडींच जलाशयाला वळसा घालून साम्रदपर्यंत येतात. एका बाजूस रतनगड, दुसरीकडे अलंग, मदन व कुलंग हे तीन दुर्ग, आणि कोंकणच्या अंगास आजोबा पर्वत. वाल्मीकींचा आश्रम या पर्वतावर होता, लवकुश त्यांना आजोबा म्हणत, म्हणून पर्वतालाही तेंच नांव पडलें, असें तिकडे सांगतात. अशा थोर मंडळींच्या मध्यें जमीन एकाएकीं चिरली गेली आहे. ती चीर म्हणजे सांधण. लांबी सुमारें २ किलोमीटर, भिंती सुमारें २०० फूट उंच, आणि रुंदी कांहीं ठिकाणीं इतकी कमी कीं, दोघांनीं शेजारीं उभें राहून हात पसरले तर बोटें कातळाला लागावींत.

हा सारा कातळ म्हणजे सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा लाव्हा. असा लाव्हा निवतांना आकसतो, आकसतांना त्याला भेगा पडतात, आणि पावसाचें पाणी सोयीची भेग धरून ती खोल खोल कापीत नेतें. पाण्याचें हें काम अजून थांबलेलें नाहीं. पावसाळ्यांत वरच्या पठारावरचें पाणी या नळींतून कोंकणाकडे धांवतें, आणि बाजूला पळावें म्हटलें तर भिंतींवांचून दुसरें कांहीं नाहीं. म्हणून त्या दिवसांत दरींत उतरूं नये.

पुतण्या, त्याचे दोन मित्र, पुतणी व मी असे पांच जण फेब्रुवारीच्या अखेरीस निघालों. दरी उतरून ठाणें जिल्ह्यांतील डेहणें गांवीं बाहेर पडावयाचें, असा बेत होता. "काकू, तुला सहज जमेल," असें पुतण्या म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्यानं व्हायचं नाही ते." पुढील दीड महिना मी रोज पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढत होतें. तें दरीसाठीं कीं सासूबाईंसाठीं, हें आज मला सांगतां येणार नाहीं.

साम्रदला ज्यांच्या घरीं तांदळाची भाकरी व पिठलें जेवलों, तेच मामा व त्यांचा मुलगा आमचे वाटाडे झाले. सकाळीं सातला दरींत उतरलों. ऊन वर कड्यावरच अडकून राहिलें होतें. पहिल्या डोहांत पाणी मांड्यांपर्यंत, दुसऱ्यांत कमरेपर्यंत, आणि असें गार कीं पाय बधिर होऊन तळाचा दगड कसा आहे हें तळव्याला कळेनासें होतें. मामांच्या काठीचें टोंक धरून मी पलीकडे गेलें. डोहाची भीति मीं घरून बरोबर आणली होती. ती तेथेंच संपली. खरी अडचण पुढें होती, आणि तिची कल्पना मला कोणीं दिली नव्हती. ती म्हणजे दगड.

दरीचा तळ ही वाट नव्हेच. पेटीएवढे, कपाटाएवढे, कांहीं तर आमच्या स्वयंपाकघराएवढे दगड एकावर एक पडलेले. पर्वतीची पायरी पायाच्या ओळखीची असते. येथें प्रत्येक पावलाला नवा विचार: हा दगड डुलेल काय, बसून घसरावें काय, हात कोठें टेकावा. तासाभरानें माझे पाय थकले नव्हते, पण डोकें थकलें होतें. एके ठिकाणीं तें चुकलें. दगड हलला, मी खालीं बसलें, आणि उजवा पाय दोन शिळांच्या फटींत घोट्यापर्यंत अडकला. वेदना फारशी नव्हती. पाय निघेना, एवढेंच. वर आकाशाची निळी पट्टी दिसत होती, आणि येथून मला कोण व कसें उचलून नेणार, हा एकच विचार मनांत होता. मामांनीं बुटाची नाडी सोडून आधीं पाय काढला, मग बूट.

आणखी एक गोष्ट लिहितें. तरुण वाचकांनीं ती रागानें घेऊं नये. मंडळी पुढें जात, एखाद्या शिळेवर बसत, पाणी पीत, गप्पा मारीत. मी धांपा टाकीत तेथें पोंचलें कीं, "आली काकू, चला," म्हणून सगळीं उठत. म्हणजे ज्यांना विश्रांति नको त्यांना ती पदोपदीं मिळे, आणि जिला हवी तिला मुळींच नाहीं. यांत कोणाचा दुष्टावा नव्हता. सगळीं माझ्यासाठींच तर थांबत. तरी तिसऱ्या खेपेस माझ्या डोळ्यांत पाणी आलें. मामांनीं तें पाहिलें असावें. "आता ताई पुढं," ते म्हणाले, "तुम्ही समदे त्यांच्या मागं." तेव्हांपासून मी बसलें तर सारीं बसलीं. नवल असें कीं, गांठण्याची घाई गेल्यावर माझें घसरणेंही पुष्कळ कमी झालें.

दरी कोंकणाकडे उघडते तेथें सुमारें ४५ फुटांचा सरळ कडा आहे. तो दोरानें उतरतात. पुतण्याच्या एका मित्रानें याचें रीतसर शिक्षण घेतलें होतें. त्यानें व मामांच्या मुलानें दोर बांधला. दोराची मला भीति वाटली नाहीं. तो दुसऱ्यांच्या हातांत होता, आणि दुसऱ्यांवर भार टाकण्याची संवय एकत्र कुटुंबांत लागतेच. पण सगळीं खालीं गेल्यावर दोर ओढून घेतात; मग माघार नाहीं. पुढें आणखी लहान कडे, आणि डेहण्यापर्यंत कित्येक तासांची चाल. माझा घोटा सुजूं लागला होता. तो मीं मोज्याखालीं झांकला होता.

"काकू, पाय ठीक आहे ना?" पुतण्यानें विचारलें.

होय म्हणणें अगदीं सोपें होतें. मीं मोजा खालीं केला.

थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग पुतणी म्हणाली, "मी काकूबरोबर परत जाते." तिची हौस मला ठाऊक होती. तिला बजावून मीं खालीं पाठविलें. मामांचा मुलगा त्या मंडळींबरोबर गेला, आणि मी व मामा माघारीं वळलों.

चढतांना दगड डोळ्यांसमोर असतो, उतरतांना पायाखालीं. त्यामुळें सुजल्या पायानेंही परतीची वाट मला सुसह्य वाटली. बाराच्या सुमारास ऊन थोडा वेळ थेट तळापर्यंत उतरलें, आणि सकाळीं काळ्या दिसलेल्या भिंती तांबूस झाल्या. मामा प्रत्येक मोठ्या दगडापाशीं थांबत. ते माझ्यासाठीं थांबतात असें एकदांही त्यांनीं भासूं दिलें नाहीं. कधीं बिडी, कधीं घोंगडीची घडी, असें कांहीं तरी निमित्त असे.

घरीं आल्यावर सासूबाईंनीं विचारलें, "उतरलीस का ग शेवटपर्यंत?"

"नाही," मी म्हणालें.

त्यांनीं घोटा पाहिला, आंबेहळद उगाळून आणवली, आणि लेप लावतां लावतां म्हणाल्या, "त्या डोहातलं पाणी किती गार होतं, ते सांग."