केडगावच्या रमाबाई आणि दुष्काळातल्या पोरी



हरभऱ्याला दुसरं पाणी चालू आहे. या आठवड्यात लाईट रात्रीची, म्हणून मोटारीपाशी बसून वाचन होतंय. सध्या पंडिता रमाबाई वाचतोय. शाळेत त्या ‘समाजसुधारक’ एवढ्या एका शब्दात उरकल्या होत्या. बाई पक्क्या ख्रिस्ती होत्या, उठता-बसता प्रार्थना करणाऱ्या, आणि त्यांनी शेतीही उभी केली, हे काही कानावर आलं नव्हतं.

जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत बिऱ्हाड घेऊन फिरायचे. दक्षिणेत दुष्काळ पडला आणि वडील, आई, मोठी बहीण असे मागोमाग गेले. संस्कृत सगळं तोंडपाठ, पोटात मात्र काही नाही. पुढं १८८३ ला इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून पुण्यात लई वाद झाला. तो मी इथं उकरत नाही, त्यावर भांडायला दुसरी ठिकाणं हायेत.

मी अडकलो ते केडगावपाशी. दौंडजवळचं केडगाव, नगरचं नव्हे. शारदा सदन या त्यांच्या शाळेला अमेरिकेतून मदत यायची, पण तिची मुदत दहा वर्षांची. पुढं काय? म्हणून बाईंनी केडगावला रान घेतलं. संत्रा, लिंबू, आंबा लावायचा आणि फळावर शाळा चालवायची, असा बेत. आपण तरी दुसरं काय करतो?

तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. बाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास पोरी-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, शहरात एवढी माणसं ठेवू देईनात. मग बागेसाठी घेतलेल्या रानातच मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० साली गुजरातकडं दुष्काळ पडला, तिथल्याही पोरी आणल्या. माणसं दोन हजारांच्या घरात गेली.

आता जरा हिशेब करा. माणशी वीस लिटर धरलं तरी रोज चाळीस हजार लिटर. म्हणजे दहा हजारांचे चार टँकर! तेही मोटारी नसताना, विहिरींवर. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आपण पाहिलंय, त्यामुळं हा आकडा काय आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पोरी नुसत्या बसून खात नव्हत्या. रान, दूधदुभतं, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं त्यांच्याच हातात. बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. त्याचे खिळे जुळवले ते याच पोरींनी. लेक मनोरमाबाईंनी १९१३ ला गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. तेव्हा गुलबर्गा आणि आपला औसा दोन्ही निजामाच्या राज्यात. १९२१ ला लेक गेली, पुढल्या वर्षी ५ एप्रिलला आई.

हे सगळं लिहायचं कारण माझी आत्या. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, सुकडी खायची. त्याच साली तिचं लग्न उरकलं, वय तेरा. “खाणारं एक तोंड कमी,” असं घरातच बोललं गेलं. पाऊस गेला की आधी पोरीची शाळा जाते, मग पोरगी, आणि हे अजून थांबलेलं नाही. यंदाही गावात नववीतल्या एका पोरीचं ‘बघायचं’ चाललंय. मी तिच्या बापाशी बोललोय, परत बोलणार आहे. ऐकलं नाही तर १०९८ आहेच. वाईटपणा आला तर येऊ दे.

परवा आत्याला रमाबाईंचं सगळं सांगितलं. ती गप ऐकत होती. मग म्हणाली, “केडगाव किती लांब हाय रं?”

म्हटलं, लातूर-मुंबई गाडी दौंड सोडून पुण्याकडं निघाली की लागतं.