मुक्या जिवाचा जमाखर्च

कुत्र्याला दुखले-खुपले तर ते विव्हळते. ससा मात्र गप्प बसतो. कोल्ह्या-लांडग्यांचे भक्ष्य असलेला हा प्राणी. दुबळेपणा दिसला की रानात त्याचा जीव गेलाच. म्हणून घरात पाळल्यावरही तो दुखणे लपवतो. त्याची सेवा करणाऱ्याने हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

कल्याणच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मुलीच्या हट्टामुळे सोनी आणि मनी या दोन माद्या आल्या. त्यांचे गर्भाशय काढून घ्यावे, असे जनावरांच्या डॉक्टरांनी सुचवले. ही शस्त्रक्रिया न झालेल्या माद्यांना तीन-चार वर्षांच्या वयानंतर गर्भाशयाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर होतो. शिवाय नर जवळ असेल तर सुमारे ३१ दिवसांत पिल्ले होतात आणि व्यायल्यावर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते.

आधी सोनीचे ऑपरेशन ठरले. शेजारचे काका म्हणाले, "कारकुनाच्या पगारात सशाचे ऑपरेशन?" मी बी.कॉम. झालो आहे, हिशेब मला कळतो. पण विकत घेतल्याची किंमत आणि जिवाची किंमत एका रकान्यात मांडता येत नाही, एवढेच मी त्यांना सांगितले.

सशाला उलटी होत नाही, त्यामुळे ऑपरेशनपूर्वी त्याला माणसासारखे उपाशी ठेवत नाहीत. त्याची आतडी सतत चालू राहावी लागतात. सोनी घरी आली तेव्हा खोक्यात वर्तमानपत्र आणि मऊ टॉवेल अंथरला. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली. मधे जाळी लावून मनीला जवळच ठेवले; एकमेकींचा वास विसरला की पुढे भांडणे होतात.

कचेरीत मी रोज आवक-जावक नोंदवतो. तशीच एक वही मुलीने घातली. किती गवत खाल्ले, किती पाणी प्याली, लेंड्या किती आणि केवढ्या, डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक किती वाजता पाजले, सगळे त्यात. ससा बोलत नाही, पण त्याच्या लेंड्या बोलतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहीतला लेंड्यांचा रकाना कोरा राहिला. सोनी पाठीला कुबड काढून बसली होती आणि दात करकर वाजवत होती. ही वेदनेची खूण. सौ. म्हणाली, "संध्याकाळपर्यंत वाट पाहू नका." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रिक्षा केली. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन दिले, वेदनाशामकाचे प्रमाण वाढवले आणि सुईविना सिरिंजने पातळ खाद्य भरवायला शिकवले. मुलगी रात्री दर दोन तासांनी उठत होती. पहाटे चार वाजता तिने आम्हा दोघांना हलवून जागे केले. खोक्यात सात बारीक लेंड्या होत्या! त्यानंतर सोनीने कोथिंबिरीची काडी ओढली.

ज्यांच्या घरी ससे आहेत त्यांच्यासाठी थोडे लिहितो. टाके दिवसातून दोनदा पाहावेत. सूज, पू किंवा उघडलेली जखम दिसली तर डॉक्टर गाठावा. जखमेवर हळद लावू नये, सशाला आंघोळ घालू नये. आठ-दहा दिवस उंच उड्या मारू देऊ नयेत. उचलताना मागच्या पायांना आधार द्यावा, कारण लाथ झाडताना त्याच्या पाठीचा कणा मोडू शकतो. आपल्या घरातली गोळी त्याला कधीही देऊ नये. पेनिसिलिन गटातील काही औषधे तोंडावाटे दिली तर आतड्यातील उपयुक्त जंतू मरून ससा दगावतो. आणि बारा तास खाणे किंवा लेंड्या बंद राहिल्या तर उद्याची वाट पाहू नये.

दहाव्या दिवशी सोनीचे टाके सुकले. पुढच्या महिन्यात मनीची पाळी आहे. वहीची कोरी पाने मुलीने आधीच आखून ठेवली आहेत.