धुणेवालीच्या घरी

वाचकहो, चला, आज जरा लांबच्या गावी जाऊ या. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात हॅटीसबर्ग नावाचे गाव आहे. पाइनच्या लाकडाच्या व्यापारावर आणि रेल्वेवर ते वाढले. १८८२ मध्ये ते वसवणाऱ्या हार्डींनी त्याला आपल्या पत्नीचे, हॅटीचे नाव दिले. आपण मात्र पाहणार आहोत ते ओसेओला मॅकार्टी या बाईंचे घर. साधेच लाकडी घर, पण गावाने ते आता संग्रहालय म्हणून जपले आहे.

बाईंचा जन्म १९०८ चा. सहावीत असताना मावशी आजारी पडली. तिची सेवा करायला कोणी नाही, म्हणून शाळा सुटली ती कायमचीच. मग लोकांचे धुणे हाच धंदा झाला. अंगणात चूल पेटवायची, काळ्या भांड्यात कपडे उकळायचे, फळीवर घासायचे, वाळवून इस्त्री करायची. मध्यंतरी धुण्याचे यंत्र आणून पाहिले. कपडे मनासारखे निघेनात, तेव्हा पुन्हा फळीच धरली. मोटार कधी घेतली नाही, बाजारहाट पायी केला. मिळेल त्यातले थोडे बँकेत टाकायचे आणि त्याला हात लावायचा नाही, हा नेम. वयाच्या ८६ व्या वर्षी संधिवाताने हात आखडले, तेव्हाच काम थांबले.

पैशांची वाटणी कशी करायची, हे ठरवताना बँकेतल्या गृहस्थाने टेबलावर दहा नाणी मांडली. एक नाणे म्हणजे दहावा हिस्सा. बाईंनी एक नाणे चर्चसाठी ठेवले, तीन नातलगांसाठी. उरलेली सहा गावातल्या विद्यापीठाकडे सरकवली. ती रक्कम दीड लाख डॉलरची निघाली. आपल्या पश्चात ती गरजू मुलांच्या शिष्यवृत्तीला जावी, अशी व्यवस्था त्यांनी १९९५ मध्ये केली.

बाई काळ्या होत्या, आणि याच विद्यापीठात १९६५ पर्यंत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. हे ध्यानात घ्या, म्हणजे त्या सहा नाण्यांचे मोल कळेल.

गावकऱ्यांनीही मग आपली भर घातली. त्यामुळे बाईंच्या हयातीतच पहिली शिष्यवृत्ती एका मुलीला मिळाली. बाई १९९९ मध्ये गेल्या. शिष्यवृत्ती चालू राहिली.

मंडळी, यंदा माल विकून पैसे हाती आले की तुम्हीही घरच्यांना बसवा आणि दहा नाणी मांडून पाहा. लेकीच्या शिक्षणाची किती, ते आधी बाजूला काढा.