छताची भेग

टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेल्या आमच्या फिरत्या घराच्या फायबरच्या छताला आंब्याच्या फांदीने भेग पडली. मी वरवर सिलिकॉन फासले; ज्येष्ठातल्या पहिल्याच पावसात आतल्या अंथरुणावर पाणी ठिबकले.

भोसरीच्या कारागिराने ते खरवडलेच, पण भेगेभोवतीचा धडधाकट भागही ग्राइंडरने उतरता घासला. मला ते क्रौर्य वाटले. “मॅडम, जाडीच्या दहा-बारा पट उतार नसला तर नवी मॅट धरत नाही. आणि आतलं प्लाय ओलं आहे, रेझिन बसायचं नाही.”

तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून गेली, तेव्हा छत उघडेच होते. बसून प्रवास न झेपणाऱ्या आईला याच गाडीतून पंढरपूरला न्यायचे होते. उघडीप मिळून थर चढेपर्यंत एकादशी उलटली.

“पुढच्या वर्षी जाऊ,” मी म्हणाले.

आईने विचारले, “वाळलं का गं आता?”